गाडी, सीट आणि पास



बीड-परळी आणि माजलगाव-धारूर हे रस्ते आपल्या तेलगावात एकमेकांना भेटतात. त्यामुळं प्रवासाचे शब्द आपल्या कानावर पुस्तकाच्या आधी पडले. 'गाडी' म्हणजे एसटीच. एक बेल म्हणजे थांबा, डबल बेल म्हणजे चला. काळी-पिवळीवाल्याच्या हिशेबात माणूस नसायचा, 'सीट' असायची: "अजून दोन सीट आल्या की निघू." याच प्रकाराला सातारा-कोल्हापूरकडं 'वडाप' म्हणतात, हे मला इंजिनिअरिंगला गेल्यावर कळलं. गोव्यात तर मोटारसायकलवर भाड्यानं नेणाऱ्याला 'पायलट' म्हणतात!

पुढं कामामुळं स्पॅनिश बोलणारे सहकारी भेटले. त्यांच्याकडं लिफ्ट मागण्याला 'आसेर देदो' म्हणतात, शब्दशः 'बोट करणं'. मी म्हटलं, आमच्याकडं अख्खा हात करतात.

पण हात करणं सगळ्यांच्या वाट्याला सारखं नव्हतं. मुलं ट्रॅक्टरला हात करायची, उसाच्या ट्रकला करायची. डबलसीट, ट्रिपलसीट, टपावर, हे सगळे शब्द त्यांचे. आम्हा मुलींचे शब्द दोनच: गाडी आणि पास. "गाडी गेली" असं मुलगा म्हणाला तर त्याला उशीर व्हायचा. मुलगी म्हणाली तर तिची त्या दिवसाची शाळा बुडायची. असे दिवस वाढले की घरचे म्हणायचे, "आता बस झालं." आपल्या काही मैत्रिणी दहावीच्या फोटोत नाहीत. त्या हुशारीत कमी नव्हत्या. त्यांच्या वाडीला वेळेवर गाडी नव्हती.

पहिली एसटी १ जून १९४८ रोजी पुण्याहून नगरला धावली. १७ मार्च २०२३ पासून महिलांना एसटीत अर्धं तिकीट आहे. १७ सप्टेंबर २०२५ रोजी बीडहून अहिल्यानगरला रेल्वे सुरू झाली. हे सगळं चांगलंच आहे. पण आठवीतल्या मुलीला हवी असते ती तिच्या फाट्यावर, शाळेच्या वेळेला थांबणारी गाडी.

म्हणून एक विनंती. ज्या वाड्या-तांड्यांवरून शाळेच्या वेळेला गाडी नाही, त्यांची यादी सरांकडून घेऊ. आगारात अर्ज देऊ आणि गाडी सुरू होईपर्यंत पाठपुरावा करू. अर्जाचा कच्चा मसुदा मी लिहून आणलाय. जेवणाआधी सगळ्यांनी सह्या करा.