जुन्या संगणकाचे बिनतारी कार्ड



आमच्या शाळेला एका माजी विद्यार्थ्याने आपला चौदा-पंधरा वर्षे वापरलेला लॅपटॉप देऊ केला. ज्या मुलांच्या घरी संगणक नाही त्यांना शाळा सुटल्यावर तासभर तरी त्यावर बसता यावे, एवढाच आमचा हेतू. नवी विंडोज त्या यंत्राला पेलवेना, म्हणून मी त्यावर डेबियन लिनक्स बसविले. सर्व सुरळीत चालले. पण वाय-फायची यादी उघडावी, तर ती कोरी! एका दुरुस्तीवाल्याने यंत्र पाहिले न पाहिले आणि ‘कार्ड मेले’ असा निर्वाळा दिला. नवे घेण्याइतकी शिल्लक आमच्यापाशी नव्हती.

असे कार्ड बहुधा मेलेले नसते. त्याच्याशी बोलणारा कोणी भेटलेला नसतो, इतकेच. बिनतारी कार्ड म्हणजे एक चिमुकला रेडिओच. त्यात त्याचा स्वतःचा लहानसा प्रोसेसरही असतो. त्याला दोन गोष्टी लागतात. संगणकाच्या बाजूला ड्रायव्हर, आणि कार्डाच्या पोटात दर वेळी भरावयाचे फर्मवेअर. पहिली गोष्ट बहुतेक वेळा लिनक्सबरोबरच येते. घोडे अडते ते दुसरीपाशी.

तेव्हा प्रथम कार्डाचे नाव-गाव विचारावे. टर्मिनलच्या खिडकीत ‘एलएसपीसीआय -एनएनके’ ही आज्ञा इंग्रजी लहान अक्षरांत लिहिली, की आत जोडलेल्या सर्व भागांची यादी येते आणि कोणता ड्रायव्हर कामावर आहे तेही कळते. कार्ड यूएसबीचे असेल, तर ‘एलएसयूएसबी’. प्रत्येक भागापुढे दोन तुकड्यांचा एक क्रमांक असतो. पहिला तुकडा कंपनीचा, दुसरा नमुन्याचा. इंटेलचा पहिला तुकडा ८०८६, रिअलटेकचा १०ईसी. आमच्या कार्डाचा निघाला १४ई४:४३१५, म्हणजे ब्रॉडकॉमचे बीसीएम ४३१२. खोक्यावरच्या नावापेक्षा हा क्रमांक अधिक विश्वासाचा, कारण एकाच नावाच्या खोक्यात निरनिराळी कार्डे निघतात.

या ब्रॉडकॉम कार्डांची कथा मला फार आवडते. त्यांची आतली रचना उघड नव्हती. तेव्हा काही स्वयंसेवकांनी मूळ ड्रायव्हर तपासून कार्ड कसे वागते याचे वर्णन लिहून काढले. आणि दुसऱ्या गटाने, मूळ ड्रायव्हरला हात न लावता, केवळ त्या वर्णनावरून नवा ड्रायव्हर रचला. वर्गात एका मुलाने आकृतीचे वर्णन करावे आणि पाठमोऱ्या बसलेल्या दुसऱ्याने ती पाटीवर काढावी, तसेच हे. हा ड्रायव्हर २००६ साली लिनक्सच्या गाभ्यात आला आणि २००८ मध्ये ‘बी४३’ हा त्याचा सुधारलेला अवतार दाखल झाला. कंपनीने स्वतः आपल्या काही नव्या कार्डांसाठी खुला ड्रायव्हर दिला तो २०१० मध्ये.

पण बी४३ ला लागणारे फर्मवेअर वाटण्याची परवानगी नाही. २०२३ च्या डेबियन १२ पासून अनेक कार्डांची फर्मवेअरे स्थापनेच्या प्रतीतच मिळू लागली. हे मात्र तीत नाही. ‘फर्मवेअर-बी४३-इन्स्टॉलर’ नावाचे पॅकेज ते इंटरनेटवरून आणून जागेवर ठेवते. म्हणजे दोर विहिरीत पडलेला, आणि तो काढावयास दोरच हवा! उपाय सोपा आहे. केबल जोडावी, नाही तर मोबाइल यूएसबीने जोडून त्याचे इंटरनेट घटकाभर उसने घ्यावे. डेबियनच्या यादीत ‘कॉन्ट्रिब’ हा विभाग आधी चालू असावा लागतो.

येथे माझ्या उतावळेपणाचीही कबुली देतो. क्रमांक पाहण्यापूर्वीच मी कोणाच्या तरी सांगण्यावरून कंपनीचा ‘डब्ल्यूएल’ हा दुसरा ड्रायव्हर बसविला होता. तो चालेना, म्हणून काढून टाकला. पण नुसते ‘रिमूव्ह’ केल्याने त्याची एक सूचना मागे राहिली: ‘बी४३ ला आत घेऊ नये.’ रखवालदार गेला आणि त्याचे कुलूप दारावर तसेच राहिले! दोन संध्याकाळी त्यात गेल्या. ‘पर्ज’ म्हटल्यावर ती सूचना गेली, संगणक पुन्हा सुरू केला आणि बी४३ कामावर रुजू झाला.

तरीही यादी कोरीच. मी कपाळाला हात लावून बसलो. ‘आरएफकिल लिस्ट’ ही आज्ञा दिली, तेव्हा उत्तर आले ‘हार्ड ब्लॉक्ड: येस’. ‘सॉफ्ट’ असते, तर ‘आरएफकिल अनब्लॉक वायफाय’ म्हणून भागले असते. ‘हार्ड’ म्हणजे अडथळा यंत्राच्या अंगावरच. शेजारी नववीतला एक मुलगा केव्हाचा उभा होता. तो खाली वाकून म्हणाला, “सर, इकडे कडेला एक बारीक खिट्टी आहे. सरकवू का?”

त्याने ती सरकवली. यादीत पहिले नाव आमच्या शाळेचे आले.