शिंपला तोच, माल वेगळा
(जिल्हा बैठकीतील भाषणाचा मजकूर)



'कालवे' म्हटले की आपल्याला पाटबंधारे खात्याचे कालवे आठवतात, आणि तेही कोरडे. आज आम्ही बोलणार आहोत ते समुद्रातल्या कालवांबद्दल. शिंपल्यात राहणारा, खाडीच्या खडकाला चिकटून वाढणारा हा जीव. कोकणात लोक तो आवडीने खातात. फ्रान्सच्या किनाऱ्यावर त्याची रीतसर शेती होते. कापूस-ज्वारीवाल्यांनी ही चौकशी कशाला करायची? थोडा हिशेब ऐका, मग सांगा.

ज्वारीचा हुरडा किती दिवस मिळतो? दाणा हिरवा आहे तोवर गोड. थोडे दिवस गेले की साखरेचा स्टार्च होतो, दाणा टणक बनतो. धाट तेच, कणीस तेच, आतला माल बदललेला.

कालवाचेही असेच आहे. समुद्रातल्या बारीक वनस्पती खाऊन ते अंगात ग्लायकोजेन साठवते. ग्लायकोजेन म्हणजे प्राण्यांच्या अंगातला स्टार्चच म्हणा. साठा भरात असताना सुक्या वजनाचा पाचवा हिस्सासुद्धा ग्लायकोजेनचा असतो. मांस भरीव, चव गोडसर. उन्हाळा जवळ आला की हा साठा अंडी आणि वीर्य तयार करण्यात खर्च होतो. स्निग्धांश वाढतो, मांस दुधाळ दिसते. पाणी तापले की एकेक मादी कोट्यवधी अंडी सोडते. मागे उरते ते पातळ, पाणीदार मांस. मग पुन्हा खाणे, पुन्हा साठवणे. नावात 'र' नसलेल्या महिन्यांत, म्हणजे मे ते ऑगस्ट, कालव खाऊ नये असा युरोपातला जुना दंडक आहे. उन्हात माल नासतो हे त्याचे एक कारण आणि हा ऋतुबदल दुसरे. तिसऱ्या आणि शिणाणेही असेच साठवतात आणि खर्च करतात. कोकणात पावसाळ्यात खाडीचे पाणी गोडे होते, त्यामुळे तिथले वेळापत्रक पावसाशी बांधलेले असते.

आता भावाचे बघू. फ्रान्समध्ये कालवाला वजनाप्रमाणे नंबर असतो. ६६ ते ८५ ग्रॅमचे कालव तीन नंबरचे. पण नंबर शिंपल्यासकट असतो. आत मांस किती, हे त्यातून कळत नाही. म्हणून दुसरे मोजमाप आहे: अख्ख्या कालवाच्या १०० ग्रॅम वजनात निथळलेले मांस किती ग्रॅम. साडेसहा ते साडेदहा असेल तर 'फीन', त्याच्या वर 'स्पेसिआल'. समजा, ८० ग्रॅमची दोन कालवे आहेत. एकाचा आकडा ७, मांस ५.६ ग्रॅम. दुसऱ्याचा ११, मांस ८.८ ग्रॅम. नंबर एकच, माल दीडपटीहून जास्त! हे मोजायला तराजू, चाकू आणि चाळणी पुरे. उत्पादकाला ते स्वतःच्या दारात करता येते.

उन्हाळ्यातली ही तूट भरून काढायला शास्त्रज्ञांनी वेगळी वाट काढली. साध्या कालवात गुणसूत्रांचे दोन संच असतात. तीन संचांचे कालव केले की ते जवळजवळ वांझ होते, बिनबियांच्या कलिंगडासारखे. अंडी नाहीत म्हणून साठाही फारसा खर्च होत नाही आणि माल बारा महिने भरीव राहतो. अमेरिकेत १९८० च्या दशकात ही कालवे बाजारात आली, नंतर फ्रान्समध्येही पसरली. फायदा खरा आहे, तो नाकारायचे कारण नाही. पण आर्काशोंच्या खाडीतला शेतकरी कौलांना चुना फासून ती पाण्यात ठेवतो आणि समुद्राचे बी त्यावर फुकट धरतो. तीन संचांचे बी असे धरता येत नाही, ते दर वेळी उबवणकेंद्रातून विकत आणावे लागते. संकरित कापसाचे बी दर हंगामाला विकत घेणाऱ्यांना याचा अर्थ समजावून सांगावा लागणार नाही. वाण कोणते घ्यायचे हे शेतकऱ्याने ठरवावे. पण खर्चाच्या वहीत बियाण्याचा रकाना आधी भरावा.

आपल्या कापसाचे काय? पहिल्या-दुसऱ्या वेच्याचा धागा आणि फरदडीचा धागा एक नसतो. सकाळी दवात वेचलेला आणि ऊन चढल्यावर वेचलेला कापूस, दोन्हींत ओलावा वेगळा. धाग्याची लांबी, मायक्रोनेअर आणि ओलावा पाहून हमीभावाची खरेदी होते, आणि आपण सगळे वेचे एका गंजीत घालून गाडी भरतो. मग ग्रेडर सगळ्यात हलक्या बोंडावर बोट ठेवतो आणि गाडीभर मालाला तोच भाव लावतो. त्याच्याशी भांडायला आपल्या हातात आकडा नसतो.

म्हणून या हंगामात प्रत्येक गावाने एवढेच करावे. वेच्यागणिक गंजी वेगळी ठेवावी. दव उतरल्यावर वेचणी करावी. चार-पाच गावांनी वर्गणी काढून ओलावा मोजायचे एक यंत्र घ्यावे आणि गाडी निघण्यापूर्वी आकडा वहीत लिहावा. पुढच्या बैठकीला घोषणा कमी द्या, वह्या घेऊन या. त्या वह्या घेऊनच आपण खरेदी केंद्रावर जाऊ.