शिकायला आलेली मुले आणि आपली जबाबदारी

(सुवर्णमहोत्सवी वर्षातील पालक व व्यापारी मेळाव्यात केलेले भाषण)



मेळाव्यात कोणत्या विषयावर बोलणार, असे चिटणीसांनी विचारले तेव्हा मी म्हणालो, मुलांच्या विषयावर. त्यांना वाटले, मी संस्कारांवर बोलेन. संस्कारांवर बोलणारे माझ्याहून अधिकारी लोक याच व्यासपीठावर बसले आहेत. मी कापडाचा व्यापारी. चाळीस वर्षे गादीवर बसून जे पाहिले, आणि जे पाहूनही न पाहिल्यासारखे केले, त्यातले थोडे सांगण्याची परवानगी मागतो.

माझा प्रश्न साधा आहे. अठरा वर्षे पूर्ण न झालेली मुले-मुली शिक्षणाचा भाग म्हणून आपल्या दुकानांत, पेढ्यांत, कार्यालयांत येतात, त्या वेळी त्यांची सुरक्षितता कोणाच्या शिरावर असते?

हा प्रश्न आता अधिक निकडीचा झाला आहे. २०२० च्या नव्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार महाराष्ट्रातील संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून पदवीचा नवा अभ्यासक्रम आला. त्यात ऑन जॉब ट्रेनिंग, क्षेत्रीय प्रकल्प, समाजसेवा यांना श्रेयांक मिळतात. पदवीच्या प्रथम वर्षात सतरा वर्षांची मुले असतातच. शिवाय आपल्याकडे अकरावी-बारावीचे वर्गही पुष्कळदा त्याच महाविद्यालयाच्या इमारतीत भरतात. एकाच फाटकातून सोळा वर्षांचे मूल आणि एकवीस वर्षांचा तरुण बाहेर पडतो, दोघांच्या हातात सारखेच पत्र असते, आणि मुलुंड, घाटकोपरपासून अंधेरी, बोरिवलीपर्यंत ती मुले दुकानांचे उंबरठे झिजवतात. पत्रावर नाव असते, हजेरी क्रमांक असतो. जन्मतारीख मात्र मी अद्याप एकाही पत्रावर पाहिलेली नाही.

काम करीत शिकण्याची कल्पना आपल्याला परकी नाही. कर्मवीर भाऊराव पाटील यांचा जन्म १८८७ साली कुंभोज येथे एका जैन कुटुंबात झाला. १९१९ साली त्यांनी रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली आणि ‘कमवा आणि शिका’ हा मंत्र महाराष्ट्राला दिला. परंतु तेथे एक गोष्ट होती, जी आज आपण विसरलो आहोत. वसतिगृहातला मुलगा संस्थेच्याच कामावर राबत असे. काम देणारा, शिकवणारा आणि रात्री तो जेवला की नाही हे पाहणारा, हे सारे एकाच घरचे होते. आज शिक्षक एकीकडे, काम दुसरीकडे, आईवडील तिसरीकडे; आणि या तिघांना जोडणारा दुवा म्हणजे एक पत्र.

त्या पत्रासोबत कित्येकदा एक हमीपत्रही येते. ‘मी स्वतःच्या जबाबदारीवर हे प्रशिक्षण घेत आहे’ अशा अर्थाचे, खाली विद्यार्थ्याची सही. बी. कॉम.ला आम्हाला व्यापारी कायदा होता. परीक्षेत हमखास विचारला जाणारा एक खटला म्हणजे मोहरीबीबी विरुद्ध धर्मोदास घोष. त्यात १९०३ साली प्रिव्ही कौन्सिलने निकाल दिला की अज्ञान व्यक्तीने केलेला करार मुळातच शून्य होय. पूर्ण गुणांचे उत्तर आम्ही घोकून लिहीत असू, आणि पुढे आयुष्यभर सतरा वर्षांच्या मुलांच्या सह्यांची हमीपत्रे बिनदिक्कत फाइलला लावीत आलो! कोणी म्हणेल, वडिलांची सही घ्यावी. जरूर घ्यावी, त्यांना माहिती तरी होते. पण वडिलांच्या सहीने शिडी मजबूत होत नाही.

शिडीचा उल्लेख सहज केलेला नाही. १९९० च्या दशकातल्या एका दिवाळीची गोष्ट. आमच्या गावाकडच्या एका स्नेह्यांचा मुलगा, अकरावी वाणिज्य शाखेत, वय सोळा, सुटीत ‘धंदा शिकायला’ म्हणून माझ्याकडे आला. मुलगा चलाख. ठाण उलगडणे, मीटर धरणे, घडी घालणे आठवड्यात शिकला. धनत्रयोदशीच्या आदल्या रात्री, नऊ वाजून गेले होते, गिऱ्हाईक दाटलेले, आणि मी गादीवरूनच त्याला सांगितले, “पोटमाळ्यावरून दोन तागे काढ.” जुने नोकर त्या शिडीची तिसरी पायरी टाळून चढत. पायरी हलते हे त्यांना ठाऊक होते. त्याला कोणी सांगितले नव्हते. दोन तागे खांद्यावर घेऊन तो उतरला तो थेट फरशीवर. उजवे मनगट मोडले.

डॉक्टरांचे बिल मी दिले. आठ दिवसांनी त्याचे वडील गावाहून आले, आणि दुकानात सर्वांदेखत हात जोडून मला म्हणाले, “शेठजी, ऐन सीझनमध्ये तुम्हाला त्रास झाला, पोराचा धांदरटपणा आहे, क्षमा करा.” बंधूंनो, त्यांनी माझी क्षमा मागितली आणि मी ती दिली. चहा पाजून गाडीला बसवून दिले. दुसऱ्या दिवशी सुताराला बोलावून पायरी दुरुस्त करून घेतली, तेव्हा कारागिरीचे पैसे कमी करण्यासाठी घासाघीसही केली. आपल्या शास्त्रांत हिंसेच्या मुळाशी प्रमाद सांगितला आहे, म्हणजे बेसावधपणा. पर्युषणात ते व्याख्यान मी कितीदा ऐकले असेल. त्या शिडीपाशी ते मला आठवले नाही.

नवख्या माणसाचा धोका त्याच्या नवखेपणातच असतो. ब्रिटनमध्ये असा नियम आहे की अठरा वर्षांखालील व्यक्तीला कामावर घेण्यापूर्वी मालकाने तिचा अननुभव आणि अपरिपक्वता लक्षात घेऊन धोके तपासावेत. आपल्याकडेही कायदा नाही असे नाही. बाल व किशोर कामगारांविषयीच्या कायद्यात २०१६ साली सुधारणा झाली. चौदा वर्षांखालील मुलांना कामावर ठेवण्यास बंदी आहे. शाळेच्या वेळेबाहेर वा सुटीत घरच्या, धोका नसलेल्या धंद्यात हातभार लावण्याची सवलत आहे. चौदा ते अठरा वयाच्या किशोरांना धोकादायक काम देता येत नाही. इतर काम दिले तर सलग तीन तासांहून अधिक नाही, मग एक तासाची विश्रांती; विश्रांती धरून दिवसाचे सहा तास; जादा काम मुळीच नाही; आणि सायंकाळी सातपासून सकाळी आठपर्यंत काम नाही.

हे वाचून दाखवल्यावर माझे एक व्यापारी मित्र हसले. म्हणाले, “आपला धंदा सातनंतरच सुरू होतो.” खरे आहे. महाविद्यालयाने पाठवलेला विद्यार्थी म्हणजे कामगार की नव्हे, यावर वकील वाद घालतील. मला तो वाद घालायचा नाही. सोळा वर्षांचे मूल रात्री नऊ वाजता किती दमते हे घड्याळाला कळते, तेवढे मला पुरे.

आणि वेळ म्हणजे केवळ दुकानातली वेळ नव्हे. ११ जानेवारी २०१४ रोजी आपल्या घाटकोपर स्थानकात लोकल पकडताना एक सोळा वर्षांची महाविद्यालयीन विद्यार्थिनी फलाट आणि गाडी यांमधल्या पोकळीत पडली आणि तिचे दोन्ही हात गेले. २०२० साली तिच्यावर हात प्रत्यारोपणाची शस्त्रक्रिया झाली. फलाटांच्या उंचीचा प्रश्न तेव्हा उच्च न्यायालयात गाजला व पुढे उंची वाढवण्याची कामेही झाली. त्या गर्दीच्या वेळी मुलाला गाडीत चढावे लागेल की नाही, हे पुष्कळदा आपण ठरवलेल्या वेळेवर अवलंबून असते.

आता जे सांगायचे आहे ते अवघड आहे. काही वर्षांपूर्वी परिचयातल्या एका सतरा वर्षांच्या मुलीसाठी मी एका कार्यालयात शब्द टाकला. महिनाभराचे काम होते. चार-पाच दिवसांनी तिने जाणे सोडले. आईने सांगितले, पोटात दुखते. महिनाअखेरीस तीस दिवसांच्या पूर्ण हजेरीचे प्रमाणपत्र घरपोच आले, आणि सर्वांना बरे वाटले. काय झाले होते हे मला आजही ठाऊक नाही. कदाचित काहीच झाले नसेल. पण शिफारस माझी होती आणि मी विचारले नाही. ‘आपल्यातलेच आहेत’ एवढ्या दोन शब्दांवर मी निर्धास्त राहिलो.

१४ नोव्हेंबर २०१२ पासून पॉक्सो कायदा लागू आहे. अठरा वर्षांखालील मुलगा असो वा मुलगी, त्याच्याशी लैंगिक दुर्व्यवहार झाल्याचे किंवा होण्याची शक्यता असल्याचे ज्याला समजेल, त्याने पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. न कळवल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. आणि हाताखालच्या माणसाचा गुन्हा संस्थाप्रमुखाने कळवला नाही तर एक वर्षापर्यंत. बदलापूरच्या २०२४ च्या प्रकरणात पोलिसांना वेळेवर न कळवल्याबद्दल संस्थाचालकांवरही गुन्हा दाखल झाला. येथे बसलेल्या विश्वस्तांनी हे ध्यानात घ्यावे. घरात बसून मिटवण्याचा, समाजाच्या अब्रूखातर झाकण्याचा मार्ग कायद्याने बंद केला आहे, आणि तो बंद झाला हे उत्तमच झाले.

२०१३ चा कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा कायदा प्रशिक्षणार्थी मुलींनाही लागू आहे. दहा वा अधिक माणसे असतील तेथे अंतर्गत समिती हवी. त्याहून लहान दुकानांसाठी जिल्ह्याची स्थानिक समिती असते. आणि १०९८ हा मुलांचा मदत क्रमांक तर १९९६ साली आपल्या मुंबईतच सुरू झाला. तो किती दुकानांत लावलेला आहे? माझ्याकडे गेल्या महिन्यापर्यंत नव्हता.

ट्रस्टच्या विद्यार्थी साहाय्य योजनेतून आपण मुलांना सभासदांच्या दुकानांत पाठवतो. त्यासाठी मी एक पानाचा तक्ता करून विश्वस्तांना दिला आहे. त्यात जन्मतारीख, पालकांचा दूरध्वनी, येण्याजाण्याची वेळ, मुलाकडे कोण पाहणार त्याचे नाव, आणि कोणते काम सांगायचे नाही हे लिहायचे आहे: शिडी नाही, बँकेत रोकड घेऊन जाणे नाही, गोदामात एकट्याने किंवा एकाच माणसाबरोबर थांबणे नाही. शिवाय आठवड्यातून एकदा दुकानाशी संबंध नसलेल्या व्यक्तीने, मुलीच्या बाबतीत महिला मंडळाच्या भगिनीने, मुलाशी स्वतंत्रपणे बोलायचे. मध्येच कोणी येणे सोडले तर कारण विचारल्याखेरीज प्रमाणपत्र द्यायचे नाही.

एवढी कटकट असेल तर विद्यार्थी घेणार कोण, असा आक्षेप बैठकीत आला. आक्षेप गैर नाही. काही दुकाने कमी होतील, काही मुलांची संधी जाईल, आणि ती गरजू घरातली असतील. त्याचे मला वाईट वाटते. तरीही जो सभासद एक पान भरायला कंटाळतो, त्याच्या दुकानात माझी नात मी पाठवणार नाही. मग दुसऱ्याची का पाठवू?

दिवाळीच्या सुटीसाठीची यादी ट्रस्टच्या कार्यालयात सुरू झाली आहे. पहिले पान माझ्या दुकानाचे आहे. जागा दोन, वेळ सकाळी अकरा ते सायंकाळी पाच, मध्ये एक तास जेवणाची सुटी, धनत्रयोदशीलासुद्धा. तागे काढायला आमचे जुने नोकर आहेत. ज्यांना आपले नाव नोंदवायचे असेल त्यांनी चिटणीसांकडून तक्ता न्यावा.