गाभडलेली शेळी आणि पोरीचा ताप

(चारठाणा येथील व्याख्यान)



आपल्या चारठाण्याचीं जुनीं देवळें पाहावयास दूरदूरचे लोक येतात. आपले गोठे पाहावयास कोणी येत नाहीं. आज मी गोठ्याविषयींच बोलणार आहें.

शेळी गाभडली म्हणजे काय होतें तें आठवा. म्हातारी म्हणते नजर लागली, आणि त्या दिवशीं दारावरून गेलेल्या एखाद्या विधवेवर आळ जातो. इकडे सात वर्षांची पोर मेलेलें करडूं उचलून उकिरड्यावर टाकते, कुत्रीं वार ओढून नेतात, आणि त्याच हातांनीं पोर भाकरी खाते. पुढें दोनचार आठवड्यांनीं, कधीं महिन्यांनींही, तिला ताप येऊं लागतो. रात्रीं घामानें वाकळ भिजते. चार दिवस बरें वाटतें, पुन्हां तेंच. गुडघा किंवा खुबा दुखून ती लंगडते. कोणी हिवताप म्हणतो, कोणी मुदतीचा ताप. त्या करडाची आठवण कोणासच होत नाहीं.

या रोगास ब्रुसेलोसिस म्हणतात. माल्टा बेटावर इंग्रजी फौजेंतले शिपाई अशाच तापानें मरत. १८८७ सालीं डेव्हिड ब्रूस या लष्करी डॉक्टरानें त्याचे जंतु शोधले. पण ते येतात कोठून हें कळावयास १९०५ साल उजाडलें. तेथल्याच झामिट नांवाच्या डॉक्टरानें शेळ्यांचें रक्त तपासलें. शेळ्या दिसावयास धडधाकट, दूधही देत होत्या, आणि रोग त्यांच्यांतच होता! १९०६ मध्यें फौजेस तें दूध बंद केलें, आणि ताप झपाट्यानें ओसरला. भगत लागला नाहीं.

मुलांस तो दोन वाटांनीं गांठतो. धारोष्ण दूध अंगीं लागतें ही समजूत आपल्यांत फार खोल आहे. पोरें थेट सडाखालीं तोंड धरतात. दूध चांगलें उकळलें कीं जंतु मरतात. त्याला चार काड्यांचें सरपण पुरतें. दुसरी वाट हातांची. व्यालेल्या वा गाभडलेल्या जनावराच्या वारेंत, रक्तांत, पाण्यांत जंतूंचा बुजबुजाट असतो. ते ओरखड्यांतून, डोळ्यांतून, नाकातोंडांतून शिरतात. आणि नव्या करडाला पहिल्यानें मांडीवर कोण घेतें? पोरच! म्हणून तें काम मोठ्यांनीं हात झांकून करावें, वार खोल खड्ड्यांत चुना टाकून पुरावी. माणसापासून माणसास हा रोग फार क्वचित लागतो. तेव्हां आजारी पोरीचें ताट वेगळें मांडूं नका.

दवाखान्यांत गेलांत तर “घरीं शेळी गाभडली होती” हें डॉक्टरास आपण होऊन सांगा. रक्त तपासलें कीं उलगडा होतो. औषधें एकाहून अधिक, तींही निदान सहा आठवडे. ताप उतरला म्हणून मध्येंच सोडलीं तर तो उलटतो. लहान मुलांचीं औषधें निराळीं असतात, बापाच्या उरलेल्या गोळ्या देऊं नयेत.

चार ते आठ महिन्यांच्या कालवडींस व वगारींस आयुष्यांत एकदां टोंचावयाची लस २०१९ पासून सरकारी योजनेंत आहे. ती टोंचून घ्या.

राहिली एक अवघड गोष्ट. गाभडणारी गाय आपण गुपचूप बाजारांत नेतों. घेणाराही आपल्यासारखाच कुणबी, त्याच्याही घरीं पोर. ज्याची एकच गाय त्याला “नुकसान सोस” म्हणणें मला सोपें आहे, हें मी जाणतों. तरी जनावरांच्या डॉक्टराकडून तिचें रक्त तपासून येईपर्यंत तिला वेगळी बांधा, आणि तोंवर तिचें दावें दुसऱ्याच्या हातीं देऊं नका.