दूध नव्हे, बंद होणारं जनुक
(कार्यकर्त्यांच्या शिबिरातील भाषण)

धडगावकडच्या एका पाड्यावर सिकलसेलचा नातू मांडीवर घेऊन सासूबाई मला म्हणाल्या, "पाच-सहा महिने चांगला होता. हिच्या दुधानं बिघडला."

बाईंचं निरीक्षण खरं होतं, कारण खोटं. गर्भात बाळाचं हिमोग्लोबिन वेगळं असतं, त्यात सिकलचा दोष नसतो. जन्मानंतर त्याचं जनुक हळूहळू बंद पडतं आणि सदोष हिमोग्लोबिन तयार होऊ लागतं. म्हणजे जनुक असणं वेगळं, चालू असणं वेगळं. हे कळायला मदत झाली ती मातीतल्या मिलिमीटरभर जंताची! त्याच्या वाढीचं वेळापत्रक सांभाळणारं 'लिन-२८' जनुक सापडलं. त्याचं माणसातलं भावंड गर्भातलं हिमोग्लोबिन चालू ठेवतं. जनुकांना आवर घालणारा सूक्ष्म आरएनए १९९३ साली याच जंतात सापडला. अँब्रोस आणि रुव्हकुन यांना त्यासाठी २०२४ चं नोबेल मिळालं. हायड्रॉक्सीयुरियाची गोळी गर्भातलं तेच हिमोग्लोबिन पुन्हा वाढवते.

आणि सदोष जनुक आई-बाप दोघांकडून आल्याशिवाय हा आजार होत नाही. तपासणीला मात्र सुनेलाच पाठवतात.

हे सगळं ऐकून सासूबाई बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "मुलाला सांगते." तो अजून आलेला नाही.