यंदा श्रावणातच कसे?

मी बाल व किशोर मानसोपचारतज्ज्ञ आहे. हे सांगितलं की पहिला प्रश्न येतो, "एवढ्या लहान मुलांना कसला आलाय मानसिक आजार?" आणि दुसरा, "मुंबईत कुठे बसता?"

मी मुंबईत बसत नाही. महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी मी बीड जिल्ह्यातल्या एका प्राथमिक आरोग्य केंद्रात, लसीकरणाच्या खोलीत बसते, कारण त्या दिवशी ती रिकामी असते. बाकीचे मंगळवार दुसऱ्या केंद्रांना. पहिल्या प्रश्नाचं उत्तर आकड्यात देते. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १३ ते १७ वयाच्या मुलांत मानसिक विकारांचं प्रमाण ७.३ टक्के आढळलं. म्हणजे हजार मुलांच्या शाळेत सत्तरएक मुलं.

आज मी त्यातल्या एकीबद्दलच बोलणार आहे. ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.

मुलगी १४ वर्षांची, नववीत. आजी घेऊन आली होती. "बाई, बाहेरचं समदं करून झालं, आता तुमी बघा." मुलीला झटके यायचे. दोन वर्षं फिटची गोळी चालू होती, तरी झटके येतच होते. माझ्यासमोरच एक आला. डोळे घट्ट मिटलेले, अंग वाकडं-तिकडं, सहा-सात मिनिटं. जीभ कधी चावली गेली नव्हती, झोपेत झटका कधी आला नव्हता, मेंदूचा आलेखही आधीच काढलेला होता, तो ठीक होता. हे अपस्मार नव्हतं. मनावरचा ताण शरीरातून असा बाहेर पडतो. आम्ही त्याला विघटनात्मक झटके म्हणतो. आणि हे नाटक नसतं. हे मी आजीला तीनदा सांगितलं, तुम्हालाही सांगते. पोरीला ते ठरवून आणता येत नाहीत, आणि ठरवून थांबवताही येत नाहीत.

फिटची गोळी अचानक बंद करायची नसते, ती हळूहळू कमी करायचं ठरवलं. झटका येतोय असं वाटलं की पाय जमिनीवर रोवून श्वास कसा घ्यायचा ते शिकवलं. घरच्यांना सांगितलं, भोवती गर्दी करू नका, कांदा हुंगवू नका. मला वाटलं, छान काम झालं.

पुढच्या महिन्यात झटके दुप्पट.

कोडं सोडवलं आशाताईंनी. केसपेपर घेता घेता त्या म्हणाल्या, "मॅडम, हिला दोन वर्षं दसऱ्याच्या पुढंच यायचे. यंदा श्रावणातच कसे?"

मी हे विचारलंच नव्हतं. झटका किती मिनिटांचा ते विचारलं, वर्षातल्या कोणत्या महिन्यात ते नाही. आणि बीडमध्ये दसऱ्याच्या सुमारास काय होतं हे तिथल्या कुणालाही विचारा. ऊसतोडीचा हंगाम. आईबाप मुकादमाकडून उचल घेतात आणि पाच-सहा महिन्यांसाठी पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात जातात. बेळगावकडच्या श्रोत्यांनी फडाशेजारी त्यांच्या कोप्या पाहिल्या असतील. ही मुलगी मागे राहायची. आजीचं, दोन लहान भावांचं करायची, आणि शाळा जमेल तशी.

मग यंदा श्रावणात काय झालं? आजीनंच सांगितलं, अगदी सहज. "पाव्हणे येणारेत बघायला. तवर बरी हुईल ना?"

नवरा-बायकोच्या जोडीला तिकडे एक कोयता म्हणतात, आणि उचल कोयत्यावर मिळते. हंगामाआधी लग्न उरकलं की एक कोयता वाढतो, आणि पोर एकटी मागे ठेवायचा घोरही जातो. एक स्थळ झटक्यांचं ऐकून परत गेलं होतं.

आता माझी अडचण बघा. झटके बरे केले, तर लग्न होणार.

बालविवाह प्रतिबंधक कायदा २००६ चा आहे. गावात ग्रामसेवक त्याचा अधिकारी असतो, १०९८ वर फोनही करता येतो. आशाताईंचं म्हणणं, नुसता फोन केलात तर लग्न दुसऱ्या गावात रातोरात होईल, आणि तुमच्या मंगळवारी पुन्हा एकही पोरगी येणार नाही. त्यांचं खरं होतं. गप्प बसणंही शक्य नव्हतं. म्हणून ग्रामसेवक, मुख्याध्यापक, आशाताई आणि मी असे चौघं तिच्या वडिलांसमोर बसलो. कायदा काय आहे ते ग्रामसेवकांनी स्पष्ट सांगितलं. वडील बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "मंग ठिवू कुठं तिला? तुमी सांगा."

माझ्या कुठल्याच पुस्तकात हा प्रश्न नव्हता. मुख्याध्यापकांनी तालुक्याचं मुलींचं वसतिगृह सुचवलं. भावांची सोय शाळेच्या हंगामी वसतिगृहात झाली. पण मुलींच्या वसतिगृहाच्या गृहपालबाई म्हणाल्या, फिट येणारी मुलगी नको. म्हणजे ज्या झटक्यांनी लग्न अडवलं, तेच आता शाळा अडवत होते! मग मी एक पानभर प्रमाणपत्र लिहिलं. हे अपस्मार नाही, झटका आला तर हे करा, हे करू नका, आणि खाली माझा मोबाइल नंबर. सगळ्या प्रकरणात माझ्या पदवीचा खरा उपयोग झाला तो त्या एका पानासाठी.

पहिल्या महिन्यात तिथे दोन झटके आले. गृहपालबाईंचा रात्री साडेअकराला फोन, आवाज घाबरलेला. मी सांगितलं, कागद वाचा. त्यांनी वाचला, तसंच केलं. दिवाळीनंतर झटके नाहीत.

ती आता दहावीत आहे. वडिलांचा शब्द दहावीपर्यंतचा आहे, त्यापुढचं ते अजून बोलत नाहीत. मीही दर दोन महिन्यांनी विषय काढते, ते "बघू" म्हणतात.

आमच्या केसपेपरवर आता वयाच्या खाली एक ओळ वाढवलीय: आईवडील गावाबाहेर कधी जातात, कधी परततात, मागे कोण असतं. दसरा तोंडावर आलाय. पुढच्या मंगळवारसाठी आशाताईंनी चार नावं आधीच लिहून ठेवली आहेत. त्यातल्या एकीला अजून काहीही झालेलं नाही. तिच्या घरी फक्त पाव्हणे येऊन गेलेत.