उन्हाळ्याची सुटी, मुले आणि ग्रंथालय

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



आज सकाळी या व्यासपीठावर गुणवंत विद्यार्थ्यांचा गौरव झाला. मुलांच्या हाती पारितोषिके पडली, आईबापांच्या डोळ्यांत समाधान दिसले. आपल्या मंडळाच्या कार्यांपैकी हे एक उत्तम कार्य आहे, यात शंका नाही. त्या समारंभाला जोडून 'सुटीतील वाचन' या विषयावर दोन शब्द बोलावेत, अशी आज्ञा चिटणीसांनी आम्हांस केली. आम्ही वक्ते नव्हे. तालुक्याच्या गावच्या सार्वजनिक ग्रंथालयाचा बालविभाग आम्ही बरीच वर्षे सांभाळीत आलो आहोत. त्या कामात जे पाहिले तेवढेच सांगावयाचे आहे. आणि शेवटी मंडळापाशी एक मागणे मागावयाचे आहे.

महाराष्ट्रात वाचनालये काही नवी नाहीत. रत्नागिरीचे वाचनालय १८२८ सालचे, नाशिकचे १८४० चे, पुण्याचे १८४८ चे, कोल्हापूरचे १८५० चे. मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयाची स्थापना १८९८ साली झाली. परंतु ही परंपरा उभी राहिली ती मुख्यतः प्रौढांसाठी. मुलाने वाचनालयात यावे, पुस्तक हाताळावे, आवडले नाही तर परत ठेवून दुसरे घ्यावे, ही कल्पना आपल्याकडे उशिरा रुजली. या बाबतीत बडोद्याचे स्मरण केलेच पाहिजे. सयाजीराव महाराजांनी १९१० साली बॉर्डन नावाच्या अमेरिकन ग्रंथपालास बडोद्यास पाचारण केले. त्यानंतर पुस्तकांच्या पेट्या भरभरून खेड्यापाड्यांत जाऊ लागल्या, आणि मध्यवर्ती ग्रंथालयात मुलांसाठी वेगळी सोय झाली. पुढे १९३१ साली डॉ. रंगनाथन यांनी ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रे मांडली. त्यांतील पहिले सूत्र अगदी साधे आहे: ग्रंथ हे उपयोगासाठी आहेत. दुसरे असे की, प्रत्येक वाचकाला त्याचा ग्रंथ मिळाला पाहिजे. या दोन सूत्रांवर आम्ही पुन्हा येणार आहोत. १९६७ साली महाराष्ट्रात सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा झाला, आणि गावोगावच्या लहान ग्रंथालयांना सरकारी अनुदानाचा आधार मिळाला. आमचे ग्रंथालयही त्याच आधारावर उभे आहे.

आता उन्हाळ्याकडे वळू. परीक्षा संपली की मूल दप्तर कोपऱ्यात फेकते, आणि ते योग्यच आहे. परंतु दप्तराबरोबर वाचनही कोपऱ्यात जाते, ते योग्य नाही. ज्या घरात पुस्तके आहेत, तेथील मूल काही ना काही चाळीत राहते. ज्या घरात पंचांगाखेरीज छापील कागद नाही, तेथील मुलाचे वाचन दीड-दोन महिने बंद पडते. आणि जूनमध्ये शाळा उघडली की दोन मुलांतील अंतर शिक्षकांच्या ध्यानात येते. हे अंतर बुद्धीचे नसते, पुस्तकाचे असते. हल्ली भ्रमणध्वनीला दोष देण्याची रीत पडली आहे. त्यात तथ्य नाही असे नव्हे. पण मुलाच्या हातातून एक वस्तू काढून घेताना दुसरी कोणती दिली, हेही आपण स्वतःला विचारावे.

आमच्या बालविभागात सुटीचा कार्यक्रम कसा चालतो, ते थोडक्यात सांगतो. वेळ सकाळी आठ ते साडेदहा. ऊन चढण्यापूर्वी मुले घरी पोहोचली पाहिजेत. दाराशी पाण्याचा माठ. पहिला अर्धा तास कोणीतरी मोठ्याने वाचून दाखवावयाचे. एखादे निवृत्त शिक्षक, एखादी आजी, कधी नववीतली मुलगी. गोष्ट ऐन रंगात आली की थांबावयाचे. म्हणजे उद्या मुले येतातच. पुढचा तास ज्याचे त्याने वाचावयाचा. या तासात कोणी कोणाला प्रश्न विचारीत नाही, 'तात्पर्य काय?' असे तर मुळीच नाही. उरलेला वेळ हातांच्या कामांचा.

ही कामेही वाचनाशी जोडलेलीच असतात. मुले भित्तिपत्रिका लिहितात. तीत गावच्या विहिरीची, बाजाराची, पडक्या वेशीची बातमी असते. गावाचा नकाशा पायी हिंडून काढतात. फाटकी पुस्तके दुरुस्त करणे हे तर सर्वांच्या आवडीचे काम. खळ शिजवावयाची, कापडी पट्टी चिकटवावयाची, दाभणाने भोके पाडून दोरा ओवावयाचा. ज्या मुलाने एकदा पुस्तक शिवले, त्याने पुढे पान फाडल्याचे आम्ही पाहिले नाही. आणखी एक उपक्रम 'आजीकडून आणा' असा. प्रत्येकाने घरून एक ओवी, एक म्हण आणि एक कोडे आणावयाचे. एका वर्षी मुलांनी भाकरी ठेवण्याच्या टोपलीला घरोघरी काय म्हणतात ते विचारून आणले. एकाच गावात इतके शब्द निघाले की, फळा भरला. आपल्या घरचा शब्द अशुद्ध नाही, तो दुसऱ्याच्या घरच्या शब्दाशेजारी मानाने बसतो, हे त्या दिवशी मुलांना कळले.

आता पुस्तकांविषयी. पालक विचारतात, 'काय वाचावयास द्यावे?' आमची यादी लहान आहे.

चार ते सात वर्षांच्या मुलांना वाचून दाखवावे, मांडीवर घेऊन चित्रे पाहू द्यावीत. माधुरी पुरंदरे यांची राधाची व यशची पुस्तके याच वयासाठी आहेत; त्यांतली घरे आपल्या घरांसारखी दिसतात. विंदा करंदीकरांच्या 'राणीची बाग' आणि 'एटू लोकांचा देश' या कविता मुलांनी मोठ्याने म्हणाव्यात, अर्थाची चौकशी नंतर.

आठ ते अकरा हे वय पुस्तकावर तुटून पडण्याचे. ना. धों. ताम्हनकरांचा 'गोट्या' आणि 'चिंगी', भा. रा. भागवतांचा 'फास्टर फेणे', ही मंडळी आजही आमच्या कपाटात विश्रांती घेत नाहीत. १९७१ सालापासून निघत असलेल्या 'किशोर' मासिकाचे जुने अंक गठ्ठ्याने द्यावेत. 'तोत्तोचान' हे जपानी शाळेचे पुस्तक मराठीत आले आहे. ते मुलांनी वाचावे, आणि मुले झोपल्यावर आईबापांनी.

बारा ते पंधरा वर्षांच्या मुलांना आम्ही 'श्यामची आई' देतो. साने गुरुजींनी ते १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिले, हे सांगितले की मुले पुस्तक निराळ्या दृष्टीने उघडतात. व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' द्यावी. धनगरांच्या वाडीवर गेलेल्या कोवळ्या शिक्षकाची ती हकीकत आहे. प्रकाश नारायण संतांचे 'वनवास' द्यावे. विज्ञानाची गोडी असेल त्यास जयंत नारळीकरांच्या कथा, रानाची ओढ असेल त्यास मारुती चितमपल्लींची पुस्तके. लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' मुलींइतकीच मुलांनीही वाचावीत. आणि नरेंद्र जाधवांचे 'आमचा बाप आन् आम्ही' अवश्य द्यावे. आपल्या घरापेक्षा वेगळ्या घरात मूल कसे वाढते, हे पंधराव्या वर्षी कळले तर पुढचे पुष्कळ गैरसमज टळतात.

पालकांना एकच विनंती: पुस्तक वाचून झाले की परीक्षा घेऊ नका. मूल पुस्तक अर्धे टाकते, तेच पुस्तक चारदा वाचते, शेवट आधी पाहते; हे सारे वाचनच आहे. आणि घरातल्या वडील माणसाने दिवसातून थोडा वेळ मुलांसमक्ष वाचीत बसावे. या उपदेशावाचून दिलेल्या उपदेशाइतका दुसरा परिणामकारक नाही.

बंधुभगिनींनो, येथवर जे बोललो ते कोठल्याही सभेत बोलता आले असते. पुढचे मात्र याच सभेत बोलले पाहिजे, कारण त्यात आमचा स्वतःचा दोष आहे.

सुमारे पंचवीस वर्षांपूर्वी आपल्या मंडळाच्या या वास्तूतील माडीवरचे पुस्तकांचे कपाट आमच्या ताब्यात होते. पूर्वजांनी देणग्या देऊन जमविलेली पुस्तके. दारावर पाटी, 'फक्त ज्ञातीतील विद्यार्थ्यांकरिता'. मे महिन्यात आम्ही सकाळी कपाट उघडून बसत असू. समोरच्या गल्लीत कपड्यांना इस्त्री करणाऱ्या गृहस्थांचा मुलगा जिन्याच्या पायरीवर बसून आदल्या दिवशीचे वर्तमानपत्र वाचीत असे. चौथ्या-पाचव्या दिवशी तो वर आला आणि म्हणाला, 'काका, ते जाड पुस्तक वाचायला द्याल? इथंच बसून वाचतो.' आम्ही पाटीकडे बोट दाखविले. नियम आम्ही केला नव्हता, पण तो पाळण्यात आम्हांस त्या क्षणी काही वावगेही वाटले नाही. मुलाने पाटी नीट वाचली, मान हलविली आणि तो खाली उतरला. दुसऱ्या दिवशी पायरी रिकामी होती. त्या सबंध महिन्यात कपाटातून किती पुस्तके गेली ते नोंदवहीत आहे. ते 'जाड पुस्तक' कोणी नेल्याची नोंद नाही.

पुढे वाचनात दुसऱ्या एका मुलाची हकीकत आली, ती आपणा सर्वांना ठाऊक आहे. मुंबईस चर्नी रोडच्या बागेत एक विद्यार्थी शाळा सुटल्यावर वाचीत बसत असे. विल्सन हायस्कुलातील शिक्षक कृष्णराव अर्जुन केळुसकर त्याच बागेत येत. त्यांनी आपण होऊन त्या मुलाची चौकशी केली. तो मुलगा महार जातीचा आणि केळुसकर मराठा. १९०७ साली तो मॅट्रिक झाला, तेव्हा त्याच्या सत्काराच्या सभेत केळुसकरांनी आपण लिहिलेले गौतम बुद्धाचे चरित्र त्यास भेट दिले. पुढे सयाजीराव महाराजांकडून त्यास दरमहा शिष्यवृत्ती मिळावी म्हणून खटपटही केली. त्या मुलाचे नाव भीमराव आंबेडकर. त्या एका पुस्तकाचे धागे कोठवर पोहोचले, हे १९५६ साली नागपुरात जगाने पाहिले.

पायरीवरचा प्रत्येक मुलगा आंबेडकर होतो, असे आम्ही म्हणत नाही. तसे व्हावे म्हणून पुस्तक द्यावयाचे, असेही नाही. सांगावयाचे ते इतकेच: वाचणारा मुलगा केळुसकरांनी पाहिला आणि आम्हीही पाहिला. ते त्याच्यापाशी गेले. आम्ही त्याला पाटी दाखविली.

आता मागणे. आमच्या सार्वजनिक ग्रंथालयाचा बालविभाग पत्र्याच्या छपराखालील एका खोलीत आहे. मे महिन्यात तेथे पंचवीस मुलांहून अधिक बसत नाहीत. बाकीच्यांना आम्ही परत पाठवितो. आपल्या मंडळाची माडी मात्र त्याच महिन्यात सकाळी रिकामी असते. ती सुटीपुरती बालविभागास द्यावी, आणि कपाट सर्व मुलांसाठी खुले करावे. दारावरची पाटी काढावी.

यावर तीन आक्षेप आमच्या कानी आले आहेत. पहिला, लग्नसराईत वास्तूचे भाडे बुडेल. खालचे सभागृह आम्ही मागतच नाही. माडी कार्याला कोणी घेत नाही, आणि मुहूर्ताच्या दिवशी मुलांना सुटी देता येईल. दुसरा, पुस्तके हरवतील. काही हरवतील. बंद कपाटात आजवर वाळवीने किती खाल्ली, याचा हिशेब मांडला तर मुलांचे माप कमीच भरेल. तिसरा आक्षेप वजनदार आहे: दात्यांनी पैसे दिले ते ज्ञातीतील मुलांसाठी. त्यांच्या हेतूचा मान राखलाच पाहिजे. परंतु त्यांचा हेतू मुलांनी वाचावे हा होता; दुसऱ्या मुलांनी वाचू नये हा नव्हता. आपल्या मुलाशेजारी आणखी चार मुले बसून वाचू लागली, तर आपल्या मुलाचे पुस्तक कमी होत नाही. वाचलेल्या गोष्टीवर भांडावयास सोबती मिळतात. ज्ञातीने आपल्या मुलांना शिकविले, हे भूषण खरे. ज्ञातीच्या दारात गावाची मुले शिकली, हे त्याहून मोठे भूषण ठरेल.

ग्रंथ उपयोगासाठी आहेत, आणि प्रत्येक वाचकाला त्याचा ग्रंथ मिळाला पाहिजे. आपल्या कपाटाच्या किल्लीला ही दोन सूत्रे पुरेशी आहेत. येत्या सभेत कार्यकारी मंडळाने या विनंतीचा विचार करावा. ठराव मंजूर झाला, तर पहिल्या दिवशी सकाळी आठ वाजता माडी झाडून, माठ भरून, कपाट उघडून आम्ही स्वतः जिन्याच्या पायरीवर बसू. वर येणाऱ्या मुलास नाव विचारू, कोणते पुस्तक हवे ते विचारू. याहून अधिक काही विचारणार नाही.